उद्या संकष्टी, साबुदाणा आला आहे

वादळ येणार म्हटल्यावर माणसं बाजारातून काय उचलतात, हे कळायला वॉलमार्टला संगणक लागला. २००४ साली फ्रान्सिस नावाचं चक्रीवादळ फ्लोरिडाच्या दिशेने निघालं होतं. काही आठवड्यांपूर्वीच तिथे दुसरं एक वादळ येऊन गेलं होतं, त्या वेळची बिलं कंपनीने यंत्राला चाळायला दिली. टॉर्च जाणार हे कोणीही सांगितलं असतं. यंत्र म्हणालं, वादळाआधी स्ट्रॉबेरी पॉप-टार्ट नावाच्या गोड खाऊचा खप नेहमीच्या सातपट होतो, आणि सगळ्यांत जास्त जाते ती बिअर. झालं! वादळाच्या वाटेवरच्या दुकानांकडे पॉप-टार्टचे ट्रक निघाले आणि व्यवस्थापनाच्या वर्गांना शिकवायला एक धडा मिळाला.

आमच्या कोथरूडच्या किराणावाल्या शेठवर असा धडा अजून कोणी लिहिलेला नाही. हवामान खात्याने ऑरेंज अलर्ट दिला की ते बेसनाचं पोतं पुढे ओढतात, मॅगीचा नवा खोका फोडतात आणि दूधवाल्याला फोन करून दोन क्रेट वाढवून सांगतात. यलो अलर्टला फक्त बेसन. हे गणित त्यांनी कुठे मांडलेलं नाही. शेठचे आजोबा राजस्थानातून आले, वडिलांनी हे दुकान टाकलं, आणि शेठ आता असं मराठी बोलतात की सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त लिहायला लोक त्यांनाच बोलावतात. कोणत्या घरात चहा कुठला, कोणाला कोलम लागतो आणि कोणाला आंबेमोहोर, हे त्यांना तोंडपाठ. एखाद्या घरून बंद झालेली दुधाची अर्धा लिटरची पिशवी पुन्हा सुरू झाली की त्यांना कळतं, आजी-आजोबा अमेरिकेहून परत आले. दुसऱ्या दिवशी लिटरभर मागवली, तर नातवंडंही आली.

म्हणजे ‘ग्राहकाविषयीची अंतर्दृष्टी’ नावाची जी वस्तू सल्लागार कंपन्या बक्कळ पैसे घेऊन विकतात, ती शेठकडे सुट्यात मिळते. पंचाईत एवढीच की ती शेठच्या डोक्यात आहे. शेठ लग्नाला गावी गेले की ती त्यांच्याबरोबर रेल्वेत बसते, आणि मागे दुकानात मोलकरणीला पाठवून तूरडाळ मागवणाऱ्या बाईंना पॉलिशची जाते की बिनपॉलिशची, हे कोणाला सांगता येत नाही.

शिवाय आता शेजार बदलला. पवईला २००२ साली पहिलं दुकान काढणाऱ्या डी-मार्टशी लोकांनी जुळवून घेतलं होतं. महिन्याची मोठी खरेदी तिकडे, आणि हिंग संपलं की शेठकडे. पण दहा मिनिटांत दारात सामान टाकणाऱ्यांनी त्या हिंगालाच हात घातला. यातल्या झेप्टोची सुरुवात मुंबईत ‘किराणाकार्ट’ या नावाने, आसपासच्या किराणा दुकानांतूनच माल उचलून झाली होती. पुढे त्यांनी स्वतःची कोठारं उभारली, नाव बदललं, आणि किराणा मागे राहिला. आमच्या गल्लीतली तरुण मंडळी दुकानावरून चालत घरी जातात आणि घरी पोचल्यावर फोनवरून कोथिंबीर मागवतात. शेठचं यावरचं दुःख जरा वेगळं आहे. “साहेब, तो पोरगा गाडीवरून येतो, त्याला इमारत सापडत नाही. मग तो पत्ता मलाच विचारतो. मी सांगतो. काय करणार?”

अशा वेळी शेठचे चिरंजीव बीबीए होऊन घरी आले.

जीएसटी आल्यापासून, म्हणजे २०१७पासून, दुकानात बिलाचं यंत्र होतं. त्यातली बिलं संगणकात साठत होती आणि वर्षातून एकदा सीएकडे जात होती. त्यापलीकडे त्यांचा कोणाला उपयोग नव्हता. चिरंजीवांनी ती सगळी बाहेर काढली, गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर पुसले (हे त्याला कॉलेजात कोणीतरी नीट शिकवलं असावं, त्या मास्तरांना माझा नमस्कार), आणि तो तक्ता एआयपुढे ठेवून साध्या मराठीत विचारलं, यात तुला काय दिसतं?

या प्रश्नाची किंमत एके काळी काय होती, हे सांगायला हवं. टेस्को या इंग्लंडातल्या दुकानांच्या साखळीने १९९५ साली क्लबकार्ड काढलं. त्याआधी एका छोट्या कंपनीने त्यांना चाचणीतल्या आकड्यांचा अर्थ लावून दाखवला, तेव्हा टेस्कोचे अध्यक्ष इयन मॅक्लॉरिन हबकले. मला तीस वर्षांत माझ्या ग्राहकांबद्दल जे कळलं नाही ते यांना तीन महिन्यांत कळलं, अशा अर्थाचं काहीतरी ते बोलून गेले. एक वस्तू घेणारे सोबत दुसरं काय घेतात, हे हजारो बिलांतून शोधण्याची रीत त्याच सुमारास, १९९३ साली, आयबीएममधल्या राकेश अग्रवाल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी शोधनिबंधात मांडली होती. ती वापरायची तर मोठा संगणक, मोठा पगार आणि मोठं दुकान लागे. आता ते काम चिरंजीवांच्या फोनवर, चहा गार होण्याच्या आत होतं. लहान दुकानदाराच्या बाजूने इतकी मोठी गोष्ट बऱ्याच वर्षांत घडलेली नाही, असं माझं मत आहे.

पहिलं उत्तर मात्र निराशाजनक आलं. यंत्राने सांगितलं, शनिवारी-रविवारी विक्री वाढते. शेठनी चिरंजीवांकडे असं पाहिलं की बीबीएची फी दोघांच्याही डोळ्यांसमोर उभी राहिली.

दुसरं उत्तर जरा गमतीचं होतं. साबुदाण्याची विक्री महिन्यातून एकदोनदा एकदम उसळते, पण ती कधी पाच तारखेला, कधी दोन, कधी एकोणतीस. यात ठरावीक क्रम दिसत नाही, सबब दुर्लक्ष करावं. हे शेठनी ऐकलं आणि पहिल्यांदाच खुर्ची पुढे ओढली. त्यांनी भिंतीवरचं कालनिर्णय काढून मुलाच्या हातात दिलं. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेलं हे कॅलेंडर महाराष्ट्रातल्या वाण्याचं खरं भविष्यपत्रक आहे. चिरंजीवांनी दोन वर्षांच्या संकष्ट्या आणि एकादश्या टंकून यंत्राला दिल्या. यंत्राला इंग्रजी महिना माहीत होता, तिथी माहीत नव्हती. ती कळल्याबरोबर सगळ्या उसळ्या जागच्या जागी बसल्या. वर त्याने आणखी एक बारकावा काढून दिला: साबुदाणा आदल्या संध्याकाळी सहा ते आठमध्ये जातो आणि भगर त्या दिवशी सकाळी. अर्थात, साबुदाणा रात्री भिजत घालावा लागतो, भगरीला ती भानगड नाही. हे कोणत्याही घरात माहीत असतं. पण गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर संदेश कधी पाठवायचा, हे त्यावरून ठरलं. आदल्या दिवशी साडेपाचला.

संदेशाचा मसुदाही यंत्रानेच केला. तो असा होता: ‘आमच्या मूल्यवान ग्राहकांनो! आमच्या प्रीमियम साबुदाण्यासह आपला उपवासाचा अनुभव अविस्मरणीय बनवा!’ पुढे तीन फटाके, एक गुलाब आणि हात जोडलेली बाहुली. शेठ म्हणाले, उपवास अविस्मरणीय झाला तर माणूस पुढच्या महिन्यात धरेल का? त्यांनी सगळं खोडलं आणि लिहिलं, ‘उद्या संकष्टी. साबुदाणा, भगर, नवे शेंगदाणे आले आहेत. चंद्रोदय रात्री’ आणि पुढे वेळ.

ही चंद्रोदयाची वेळ म्हणजे त्या संदेशातला सगळा जीव. व्हॉट्सॲपची एक अट अशी, की ब्रॉडकास्ट यादीवरून पाठवलेला संदेश दुकानाचा नंबर ज्यांनी आपल्या फोनमध्ये साठवलाय त्यांनाच पोचतो. किराणा दुकानाचा नंबर साठवायला लोक आळस करतात. पण चंद्रोदयासाठी गल्लीतल्या यच्चयावत बायकांनी तो साठवला. आमच्या सोसायटीतल्या एक आजी तर उपास करत नाहीत, तरी शेठचा संदेश आला नाही की दुकानात चौकशीला जातात, आणि गेल्यासारखं काहीतरी घेऊन येतात. याला जाहिरातशास्त्रात काय म्हणतात ते असो.

इथे एक सावधगिरीची सूचना. चंद्रोदय यंत्राला विचारू नये. चिरंजीवांनी एकदा विचारला होता, तर त्याने अत्यंत आत्मविश्वासाने एक वेळ ठोकून दिली. शेठनी कालनिर्णयात पाहिली, ती वेगळी निघाली. संदेश तसाच गेला असता तर अर्ध्या कोथरूडने चंद्राआधी ताटं वाढून घेतली असती आणि पाप शेठच्या खाती जमा झालं असतं. याच यंत्राने भाद्रपदात सणांची यादी पाहून ‘पितृपंधरवडा धमाका सेल’ सुचवला होता आणि सर्वपित्री अमावस्येला हार्दिक शुभेच्छा द्यायची तयारी केली होती. त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याच्या घरी कोणाचं श्राद्ध झालेलं नाही, इतकंच.

मोठ्या कंपन्यांनाही लहान दुकानांचा अधूनमधून उमाळा येतो. २०२१च्या दिवाळीत कॅडबरीने शाहरुख खानची जाहिरात केली होती. तीत एआयच्या करामतीने खुद्द शाहरुख तुमच्या दुकानाचं नाव घेऊन ‘खरेदी इथून करा’ म्हणत असे. दुकानदाराने संकेतस्थळावर नाव भरायचं, तयार झालेली जाहिरात आपल्या व्हॉट्सॲपवर फिरवायची. कल्पना झकास होती, आणि शेठच्या दुकानाचं नाव शाहरुखच्या तोंडी ऐकून गल्ली खरोखर हरखली. शेठ शांतपणे म्हणाले, “नाव घेतलं, चांगलं केलं. पण तो कॅडबरी विकतोय ना? माझी तूरडाळ कोण विकणार?” मला हा प्रश्न बिनतोड वाटतो.

खरी कमाई झाली ती वेगळ्याच गोष्टीत, आणि तिच्यापायी या सगळ्या उद्योगाबद्दल माझं मत चांगलं झालं.

पेठांतली दुपारची एक ते चारची वामकुक्षी कोथरूडपर्यंत पोचलेली आहे. शेठ जेवून आडवे होतात. फरक इतकाच, की त्यांचं दुकान बंद होत नाही. दोन ते चार गल्ल्यावर शेठच्या पत्नी, आमच्या भाभी, बसतात. यंत्राने सांगितलं, सॅनिटरी पॅडची विक्री जवळजवळ सगळी दोन ते चारमध्ये होते. शेठना हे माहीत नव्हतं. चिरंजीवांना नव्हतं. सगळ्या गल्लीची खडान्‌खडा माहिती असलेल्या माणसाला आपल्याच फळीवरची ही गोष्ट कधी दिसली नव्हती, कारण ती घडायची तेव्हा ते झोपलेले असत. यंत्राने पुढे होऊन सल्लाही दिला: या वस्तूसाठी ग्राहक दुपारची वेळ पसंत करतात, तेव्हा दुपारी दोन ते चार खास सवलत ठेवा.

भाभी हे ऐकून इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग म्हणाल्या, “अरे, दुपार कसली पसंत करतात? दुपारी मी असते.”

सकाळ-संध्याकाळ गल्ल्यावर शेठ, वजनाला एक मुलगा, पुढे चार पुरुष उभे. पॅड मागच्या फळीवर, वरच्या कप्प्यात. मागायचे म्हणजे मोठ्याने मागायचे, मग मुलगा स्टुलावर चढणार, कंपनीचं नाव ओरडून विचारणार, वर्तमानपत्रात गुंडाळणार, काळ्या पिशवीत घालणार. एवढी मिरवणूक कोणाला हवी? मुली दुपारपर्यंत थांबत, किंवा फोनवरून मागवत. दहा मिनिटांवाल्यांकडे गल्लीतलं हे गिऱ्हाईक वेगासाठी गेलंच नव्हतं. तिथे कोणी मोठ्याने विचारत नाही, म्हणून ते गेलं होतं.

भाभींनी सवलत ठेवली नाही. त्यांनी दाराजवळची उदबत्त्यांची मांडणी मागे नेली (श्रावण आणि गणपती सोडले तर उदबत्ती तिथे नुसती धूळ खाते, हेही यंत्रानेच दाखवलं होतं) आणि तिथे पॅड ठेवले, प्रत्येकावर किमतीची चिठ्ठी लावून. उचला, गल्ल्यावर ठेवा, क्यूआरला फोन दाखवा, जा. कोणी काही विचारणार नाही, कागदात गुंडाळणार नाही. व्हॉट्सॲपच्या कॅटलॉगमध्येही ते चढवले. आता ती विक्री दिवसभर विखुरली आहे, आणि पॅड घ्यायला आलेली मुलगी बिस्किटं, शाम्पू, कधी आईने सांगितलेला गूळही घेऊन जाते. यंत्राला ‘कधी’ दिसलं, भाभींना ‘का’ ठाऊक होतं. मोठ्या कंपनीत आकडे पाहणारा बंगळुरूला बसतो आणि गल्ल्यावरची बाई कंत्राटावर असते. दोघांची गाठ पडत नाही. शेठच्या दुकानात ती जेवणाच्या ताटावर पडते. लहान दुकानाला पुढे जायची फट आहे ती इथेच.

आता उलट बाजू. अमेरिकेतल्या टार्गेट कंपनीची गोष्ट २०१२ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये आली होती. त्यांचा संख्याशास्त्रज्ञ पंचवीसेक वस्तूंच्या खरेदीवरून, म्हणजे बिनवासाचं लोशन, कॅल्शियम-झिंकच्या गोळ्या असल्या गोष्टींवरून, बाई गरोदर आहे का हे ताडायचा. मिनियापोलिसजवळच्या एका बापाने दुकानात येऊन आरडाओरडा केला, की माझ्या शाळकरी मुलीला बाळाच्या कपड्यांची कूपनं का धाडता? पुढे त्यालाच फोनवर माफी मागावी लागली. मुलीला खरंच दिवस गेले होते. ही हकिगत किती खरी, किती रंगवलेली, यावर नंतर वाद झाले. त्याच लेखातली पुढची गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. लोक बिचकतात हे लक्षात आल्यावर कंपनीने डायपरच्या जाहिरातीशेजारी गवत कापायच्या यंत्राची जाहिरात छापायला सुरुवात केली, म्हणजे सगळं योगायोगाने आल्यासारखं वाटावं.

शेठनाही असल्या गोष्टी कळतात, आणि टार्गेटच्या आधी कळतात. कोणाच्या घरी आवळ्याच्या गोळ्यांची बरणी महिन्यात दुसऱ्यांदा गेली, कोणी साखर बंद केली, कोणाची शेगडी विभक्त झाली, कोणाच्या यादीतून तूप आणि बदाम गळाले आणि नोकरीवर काहीतरी संक्रांत आली. ते बोलत नाहीत. आवळ्याच्या गोळ्या संपत आल्या की न सांगता नवी बरणी मागवून ठेवतात. तूप गळालेल्या घरच्या माणसाला ‘पैसे पुढच्या महिन्यात द्या, घाई नाही’ म्हणतात, तेही दुकानात दुसरं कोणी नसताना. कळणं आणि गप्प राहणं या दोन्ही गोष्टी वाण्याच्या धंद्यात एकत्रच शिकवतात. यंत्राला त्यातली पहिलीच शिकवलेली आहे.

याचा चटका एका ॲपपायी बसलाही. उधारीची वही बंद करून चिरंजीवांनी ती ॲपवर घेतली. ॲपने सकाळी नऊला, आपण होऊन, सगळ्या थकबाकीदारांना लाल अक्षरांत संदेश पाठवले. त्यात एक निवृत्त मुख्याध्यापक होते, रक्कम तीनशे चाळीस रुपये. ते पुढच्या दहा मिनिटांत आले, सुटे मोजून दिले, ‘शेठ, तुमच्या वडिलांपासून येतोय’ एवढंच म्हणाले आणि गेले. पुढे बरेच दिवस ते समोरच्या दुकानात दिसत. शेठ स्वतः त्यांच्या घरी जाऊन बसले, चहा प्याले, उधारीचा विषय काढला नाही. सर परत आले. वहीही परत आली. मोबाइल नंबर, थकबाकी, यादी ही लोकांची माहिती आहे, ती कशी वापरावी यासाठी देशात २०२३ साली कायदाही झाला. शेठचा कायदा त्याहून जुना आणि कडक आहे: गिऱ्हाइकाची गोष्ट गिऱ्हाइकाच्याच कानात.

तेव्हा दुकानदारांच्या बीबीए चिरंजीवांना आणि कन्यकांना माझं सांगणं असं, की बिलं जरूर चाळा, यंत्राला बेलाशक प्रश्न विचारा, पण पहिलं उत्तर आईला दाखवा. नकाशावर दुकानाची वेळ खरी लिहा. दुपारी झोपत असाल तर तेही लिहा. संदेश दोन ओळींचा ठेवा आणि त्यात गिऱ्हाइकाच्या कामाचं एक तरी काही असू द्या. उधारीचं तेवढं माणसानेच बोलावं.

आणि वाचकहो, कोपऱ्यावरच्या शेठने नंबर मागितला तर द्या, आणि त्याचाही साठवून ठेवा. रोज रात्री अकराला ‘धमाका ऑफर’ यायला लागली, तर सकाळी दुकानात जाऊन चार शब्द सुनवा. शेठ ऐकून घेतात. दहा मिनिटांवाल्यांकडे जाऊन कोणाला सुनवणार?